आफ्रिकी लघुकथा

आफ्रिकी लघुकथा : विसाव्या शतकात, मुख्यतः १९५० नंतर, आफ्रिका खंडात नियतकालिकांच्या आश्रयाने वाढलेला गद्य साहित्यप्रकार. खंडातील मौखिक कथनाची परंपरा प्राचीन आहे. पश्चिम आफ्रिकेतील धूर्त कोळी अनान्सी व पूर्वेकडील ससा ह्यांच्या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात आहेत. तथापि छापील लघुकथा ही त्या कहाण्यांची सरळ संतती नव्हे. ती शाळेत शिकलेल्या, शहरात आलेल्या आणि बहुधा परकीय भाषेत लिहिणाऱ्या पिढीची निर्मिती आहे. मौखिक कथेतील संवादांची लय, म्हणींचा वापर आणि श्रोत्याला गृहीत धरण्याची रीत मात्र तिच्यात टिकून राहिली. उत्तर आफ्रिकेत हा प्रकार अगोदर रुजला. मुहम्मद तैमूर ह्याची आगगाडीच्या डब्यात घडणारी कथा (१९१७) ही ईजिप्शियन लघुकथेची सुरुवात मानली जाते. यूसुफ इद्रीस ह्याच्या १९५४ मधील पहिल्या संग्रहाने त्या कथेला खेड्यातील दरिद्री माणसाचे जग मिळवून दिले. प्रस्तुत नोंदीत लघुकथेच्या वाढीचा आढावा घेऊन आफ्रिकन शॉर्ट स्टोरीज (१९८५, म. शी. आफ्रिकी लघुकथा) ह्या प्रातिनिधिक संग्रहातील लक्षणीय कथांचा विशेष विचार केला आहे.

सहाराच्या दक्षिणेस लघुकथेचे पहिले मोठे केंद्र जोहॅनिसबर्ग हे होय. १९५१ मध्ये केपटाउन येथे निघालेले व लवकरच जोहॅनिसबर्गला हलविलेले ड्रम हे मासिक कृष्णवर्णीय शहरी वाचकांसाठी होते. त्यात गुन्हेगारी, मुष्टियुद्ध, जॅझ आणि सुंदर स्त्रियांची छायाचित्रे ह्यांच्या शेजारी कथा छापल्या जात. कॅन थेंबा, ब्लोक मोडिसेन, लुइस एन्कोसी हे लेखक ह्या मासिकातून पुढे आले. बांटू शिक्षणाच्या धोरणाला विरोध केल्यामुळे शिक्षकाच्या नोकरीस मुकलेला इझीकिएल म्फालेले (१९१९–२००८) हा ड्रमचा कथाविभाग पाहत असे. वर्णविद्वेषी राजवटीखाली जगणाऱ्या लेखकाला कादंबरीला लागणारे स्वास्थ्य व सवड मिळत नाही, म्हणून तो लघुकथेकडे वळतो, असे त्याचे मत होते. त्या काळातील बहुतेकांच्या बाबतीत ते खरे ठरले. १९५७ मध्ये म्फालेलेने देश सोडला. १९६६ मध्ये परागंदा लेखकांपैकी अनेकांचे लेखन दक्षिण आफ्रिकेत उद्‌धृत करण्यासही बंदी आली. एक संबंध वाङ्‌मयीन पिढी अशा रीतीने आपल्याच वाचकांपासून तोडली गेली.

पश्चिमेकडे इबादान येथे १९५७ मध्ये उली बायर ह्याने ब्लॅक ऑर्फिअस हे नियतकालिक सुरू केले. पूर्वेकडे कंपालाला १९६१ मध्ये राजत निओगी ह्या भारतीय वंशाच्या युगांडन संपादकाने ट्रँझिशन काढले. जून १९६२ मध्ये मकेरेरे येथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. न्गुगी वा थिओंगो (१९३८–२०२५) हा त्या वेळी विद्यार्थी होता, पण काही कथा प्रसिद्ध झालेल्या असल्यामुळे त्याला तेथे प्रवेश मिळाला. आफ्रिकी भाषांत लिहिणाऱ्या ज्येष्ठांना मात्र परिषदेची दारे बंदच होती. ह्या विसंगतीवर ओबी वाली ह्याने १९६३ मध्ये ट्रँझिशनमधून कडक टीका केली. आफ्रिकी साहित्याच्या भाषेसंबंधीचा हा वाद आजही मिटलेला नाही.

लघुकथा नियतकालिकात जन्मते आणि अंकाबरोबर विस्मृतीत जाते. तिला आयुष्य लाभते ते संग्रहामुळे. म्हणून आफ्रिकी लघुकथेच्या इतिहासात संपादकांचे स्थान लेखकांच्या खालोखाल आहे. एलिस आयिटे कोमे व म्फालेले ह्यांनी संपादिलेला मॉडर्न आफ्रिकन स्टोरीज (१९६४) हा आरंभीच्या संग्रहांपैकी एक. हाइनमान ह्या प्रकाशनसंस्थेची ‘आफ्रिकन रायटर्स सीरीज’ ही ग्रंथमाला १९६२ मध्ये सुरू झाली. चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) हा आरंभीच्या दहा वर्षांत तिचा संपादक-सल्लागार होता. ह्याच मालेत त्याने सी. एल. इन्‌स ह्या विदुषीबरोबर आफ्रिकन शॉर्ट स्टोरीज हा संग्रह संपादित केला. त्यात पश्चिम, पूर्व, उत्तर व दक्षिण अशा चार विभागांत वीस कथा आहेत. शाळा-महाविद्यालयांतून तो मोठ्या प्रमाणावर वाचला गेला.

वसाहतवादाविरुद्धच्या साहित्याकडून वाचक जी अपेक्षा करतो, ती हा संग्रह पूर्णपणे पुरवीत नाही. गोरा माणूस ह्या कथांत आहे, परंतु बहुतेक उत्तम कथांत तो कडेला उभा आहे. अन्याय करणारा घरातला, गावातला किंवा नव्या राज्यातला आपलाच माणूस असतो. ह्याचे ठळक उदाहरण पूर्व आफ्रिकेच्या विभागात मिळते. त्या विभागातील पहिली कथा केन्याचा पुढे अध्यक्ष झालेला जोमो केन्याटा ह्याची आहे. ती मुळात त्याच्या फेसिंग मौंट केन्या (१९३८) ह्या मानवशास्त्रीय ग्रंथातील दृष्टांतकथा होय. पावसात भिजणाऱ्या हत्तीला माणूस आपल्या झोपडीत सोंड ठेवू देतो. हत्ती सबंध आत येतो व माणूस बाहेर फेकला जातो. मग जंगलातील मान्यवर प्राण्यांचे चौकशी मंडळ नेमले जाते आणि अर्थातच ते हत्तीच्या बाजूने निवाडा देते. हा क्रम पुनःपुन्हा घडल्यावर माणूस एक मोठे घर बांधतो, सारे प्राणी त्यात शिरून भांडू लागतात आणि तो घरासकट त्यांना जाळून टाकतो. पंचतंत्राच्या वाचकाला ही रीत अनोळखी वाटणार नाही. ब्रिटिश चौकशी मंडळांवरील हा उपहास आहे, हे उघड आहे.

परंतु त्याच विभागात पुढे लेनर्ड किबेरा ह्याची ‘द स्पायडर्स वेब’ (म. शी. कोळ्याचे जाळे) ही कथा येते. तीतील म्हाताऱ्या न्गोथो ह्या नोकराने आधी गोऱ्या मालकिणीची चाकरी केलेली असते. आता स्वतंत्र केन्यात तो एका आफ्रिकी कुटुंबात राबतो. ज्या स्त्रीचा त्याला एके काळी अभिमान वाटे तीच आता मालकीण आहे आणि तिचा तोरा जुन्या बाईहून कमी नाही. त्यानंतरच्या न्गुगीच्या ‘मिनिट्स ऑफ ग्लोरी’ (म. शी. वैभवाचे काही क्षण) ह्या कथेची नायिका बिअट्रिस ही दारूच्या गुत्त्यात काम करणारी मुलगी आहे. ती कोणाच्या नजरेत भरत नाही. आपली करुण कहाणी तिला ऐकवणारे गिऱ्हाईक तिची कहाणी सुरू होताच झोपी जाते. ती त्याचे पैसे चोरून नैरोबीला जाते, नवे कपडे घेते आणि एका संध्याकाळपुरती सर्वांच्या डोळ्यांत भरते. मागोमाग पोलीस येतात. केन्याटाच्या कथेतील घर जळल्यावर ते पुन्हा कोणी बांधले व त्यात कोण राहू लागले, ह्याचे उत्तर ह्या दोन कथा देतात. ३१ डिसेंबर १९७७ रोजी न्गुगीला विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले, ते केन्याटाच्याच राजवटीत. जवळजवळ एक वर्ष तो तुरुंगात होता. संग्रहाच्या अनुक्रमणिकेत हे दोघे आज एकाच विभागात नांदत आहेत. संपादकांनी ह्यावर भाष्य केलेले नाही, आणि ते बरेच झाले.

संग्रहातील सर्वांत परिपूर्ण कथा कोणती, असे विचारल्यास सूदानी लेखक तय्यिब सालिह (१९२९–२००९) ह्याच्या ‘मूठभर खजूर’ ह्या आशयाच्या शीर्षकाच्या अरबी कथेचे नाव घ्यावे लागेल. नाईल नदीकाठच्या खेड्यातील एक मुलगा तीत आपली आठवण सांगतो. कुराणाचे पाठांतर उत्तम असलेला हा मुलगा आजोबांचा लाडका आहे. आजोबा उंच, पांढऱ्या दाढीचे व धार्मिक असून मुलाला त्यांच्यासारखे व्हावयाचे आहे. शेजारी मसऊद गाणारा, हसणारा, एकामागून एक लग्ने करणारा आणि प्रत्येक लग्नापायी जमिनीचा तुकडा विकणारा आहे. त्याची दोनतृतीयांश जमीन आजोबांनी विकत घेतली आहे. उरलेलीही आपण घेऊ, असे ते सहज सांगतात. नंतर मसऊदच्या खजुराची तोडणी होते. झाडावर चढलेल्या पोराला मसऊद खजुरीच्या गाभ्याला इजा न करण्याविषयी बजावतो. ह्या एका तपशिलाने मुलाला त्या माणसाचे आणि झाडाचे नाते उमगते. पोती मोजली जातात. व्यापारी व आजोबा ती आपसांत वाटून घेतात, मसऊदच्या वाट्याला काहीच उरत नाही, उलट आजोबांचे पन्नास पौंड देणे राहते. मसऊदच्या घशातून कापल्या जाणाऱ्या कोकराचा असावा तसा आवाज निघतो. मुलगा धावत नदीवर जातो आणि घशात बोट घालून आपण खाल्लेले खजूर ओकून टाकतो.

कथेत आजोबांविरुद्ध कोणी एक शब्दही बोलत नाही. त्यांनी कायदा मोडलेला नाही व धर्मही बुडवलेला नाही. कर्जापायी जमीन हातोहात जाण्याचे हे चित्र मराठी वाचकालाही परिचयाचे आहे. सालिहचे वैशिष्ट्य असे, की सावकार हा दुष्ट नसून मुलाला सर्वांत प्रिय असलेला माणूस आहे. वसाहतीचा साधा उल्लेखही न करता मालकी म्हणजे काय, हे ही कथा काही पृष्ठांत सांगून टाकते.

अचेबेच्या ‘सिव्हिल पीस’ (१९७१, म. शी. नागरी शांतता) ह्या कथेचा सूर वेगळा आहे. पार्श्वभूमी १९६७–७० ह्या काळातील बिआफ्रा युद्धाची आहे. युद्ध संपते तेव्हा जोनाथन इवेग्बू हा माणूस स्वतःला अतिशय भाग्यवान समजतो, कारण त्याची व पत्नीची मिळून चार मुलांपैकी तीन मुलांसह पाच डोकी शाबूत आहेत. पुरून ठेवलेली जुनी सायकलही सापडली आहे. तिच्यावरून माणसे वाहून तो थोडा पैसा जमवितो. एनुगूला त्याचे लहानसे घर उभेच असते. पत्नी भजी तळून विकते, मुले आंबे गोळा करतात, तो ताडीचे दुकान काढतो. बंडखोर सरकारचे चलन जमा केल्याबद्दल त्याला वीस पौंडांचे सानुग्रह अनुदान मिळते. ‘एक्स ग्रेशिआ’ हा लॅटिन शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी ‘एग-रॅशर’ असा होतो. सरकारी शब्द सामान्य माणसाच्या जिभेवर कसा वाकतो, हे दाखविण्याची अचेबेची ही हातोटी भाषांतरात बहुधा हरवते. त्याच रात्री चोर येतात. घरातील माणसे शेजाऱ्यांना व पोलिसांना हाका मारतात, पण कोणीच येत नाही. तेव्हा थट्टेने चोरच पोलिसांना हाका मारू लागतात. जोनाथन वीस पौंड देऊन टाकतो. सकाळी शेजारी सांत्वनाला येतात तेव्हा कुटुंब नित्याच्या कामाला लागलेले असते. युद्धात सारे गमावलेल्याला वीस पौंडांचे काय, असे त्याचे म्हणणे. ह्या वृत्तीला धैर्य म्हणावे की पराभव, ह्याचा निर्णय लेखक देत नाही. चोरांची मिस्कील भाषा आणि तिच्यामागची बंदूक ह्यांमुळे वाचकाला मात्र स्वस्थ बसवत नाही.

केन्याची ग्रेस ओगॉट (१९३०–२०१५) हिच्या ‘द ग्रीन लीव्ह्‌ज’ (म. शी. हिरवी पाने) ह्या कथेत गावकरी गुरे चोरणाऱ्याला बडवून, तो मेला असे समजून, हिरव्या पानांखाली झाकून ठेवतात. रात्री न्यागार हा गावातील सधन माणूस चोराच्या अंगावरील पैसे लुबाडण्यासाठी एकटाच तेथे जातो. चोर जिवंत असतो. सकाळी गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यासमोर पाने दूर केली जातात, तेव्हा त्यांखाली न्यागारचे प्रेत मिळते. कथेची रचना लोककथेसारखी आहे आणि तिची निष्ठुरताही तशीच आहे.

मोझँबीकचा लुईश बर्नार्दू ओन्वाना (जन्म १९४२) ह्याचा एकच कथासंग्रह १९६४ मध्ये पोर्तुगीज भाषेत निघाला. त्याच वर्षी पोर्तुगीज राजवटीने त्याला तुरुंगात टाकले. ‘पापा, साप आणि मी’ ह्या अर्थाच्या त्याच्या कथेत खुराड्यात शिरलेला साप गोऱ्या शेजाऱ्याच्या कुत्र्याला चावतो. तो शेजारी येऊन मुलादेखत बापाला दम देतो आणि बाप गप्प राहतो. ह्या संग्रहात वसाहतीची सत्ता प्रत्यक्ष दारात येऊन उभी राहते, अशी ही एक कथा. तरी लेखकाचे लक्ष शेजाऱ्यापेक्षा त्या रात्री बाप व मुलगा ह्यांच्यात होणाऱ्या बोलण्यावर आहे. अपमान गिळणाऱ्या बापाविषयी मुलाला राग यावा की माया, ह्या पेचात कथेचे सारे बळ आहे.

संग्रहातील वीसपैकी पाच कथा स्त्रियांच्या आहेत. अलीफा रिफअत (१९३०–९६) हिच्या ईजिप्शियन कथेतील खेडवळ आई लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलीला दूर पाठवते आणि स्वतः पोटाला कपडे बांधून गावात गरोदर म्हणून वावरू लागते. नवरा लिबियात कामाला गेला आहे. बेअब्रू टाळण्याचा निर्णय ती क्षणात घेते, आणि कथाही तेथेच थांबते. घानाची ॲमा आटा आयडू (१९४२–२०२३) हिच्या ‘सर्टन विंड्‌ज फ्रॉम द साउथ’ (म. शी. दक्षिणेचे काही वारे) ह्या कथेत जावई रोजगारासाठी दक्षिणेकडे गवत कापायला निघून जातो. बाळंतीण मुलीला ही बातमी सांगताना आईला गोऱ्यांच्या युद्धावर गेलेला आणि परत न आलेला स्वतःचा नवरा आठवतो. बोट्स्वानात आश्रय घेतलेल्या बेसी हेड (१९३७–८६) हिच्या ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ वेडिंग’ (म. शी. लग्नातील क्षणचित्रे) ह्या कथेतील वर दोन मुलींपैकी शिकलेलीला निवडतो, कारण तिचा पगार येणार असतो. अशिक्षित माथाटा अधिक आनंदी आहे आणि गावाला तीच आवडते. वधूची आत्या तिला चांगली बायको हो म्हणून बजावताना मुठीने जमीन बडवते, तेव्हा मंगल विधीतून धमकीचा आवाज येतो.

दक्षिण आफ्रिकेच्या कथांत म्फालेलेची ‘द कॉफी-कार्ट गर्ल’ आणि नेडीन गॉर्डिमर (१९२३–२०१४) हिची ‘द ब्राइडग्रूम’ ह्या उल्लेखनीय आहेत. भारतीय वाचकाने आवर्जून पाहावी अशी कथा अहमद एसप (१९३१–२०१९) ह्याची ‘द बिट्रेयल’ (म. शी. विश्वासघात) ही होय. एसपचा जन्म गुजरातमधील डाभेलचा व वाढ जोहॅनिसबर्गच्या फोर्ड्‌सबर्ग ह्या भारतीय वस्तीतील. त्याच परिसरातील हमीदिया मशिदीच्या पटांगणात गांधीजींच्या नेतृत्वाखाली १६ ऑगस्ट १९०८ रोजी नोंदणीपत्रांची होळी झाली होती. एसपच्या कथेतील डॉ. कमाल हा त्याच अहिंसेचा वारसा सांगणारा पुढारी आहे. तरुणांची नवी संघटना आपले अनुयायी नेईल, ह्या भीतीने तो हिंसेचा आधार घेतो. झिंबाब्वेचा दाम्बुद्झो मारेचेरा (१९५२–८७) ह्याची ‘प्रोटिस्टा’ ही स्वप्नसदृश, तुटक कथा ह्या साऱ्यांहून वेगळी व दुर्बोध आहे. वास्तववादाला कंटाळलेल्या पिढीची ती चाहूल होती.

संग्रहाच्या मर्यादा लहान नाहीत. फ्रेंच व पोर्तुगीज भाषांतील केवळ एकेकच कथा त्यात असून अरबीतील तीन धरता अनुवादित कथा एकूण पाच आहेत. सहाराच्या दक्षिणेकडील एकाही देशी भाषेत लिहिलेली कथा नाही. थेंबा, ॲलेक्स ला गुमा आणि यूसुफ इद्रीस ह्यांची अनुपस्थिती खटकते. ‘द विल ऑफ अल्ला’सारखी चोर व साप ह्यांची कथा रंजक असली, तरी ह्या सहवासात ती हलकी वाटते. उलट संपादकांची दृष्टी काही ठिकाणी दूरवर पोहोचली. झांझिबारच्या १९६४ मधील क्रांतीनंतरच्या रक्तपाताची सावली पडलेली ‘बॉसी’ ही मैत्रीची कथा निवडली गेली, तेव्हा तिच्या लेखकाची एकही कादंबरी प्रसिद्ध झालेली नव्हती. तो लेखक अब्दुलरझाक गुरना होय. त्याला २०२१ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्याच संपादकद्वयाचा दुसरा संग्रह १९९२ मध्ये समकालीन आफ्रिकी लघुकथांचा म्हणून निघाला. त्यात मिया कोतू, आसिया जेबार, बेन ओक्री, एमान्युएल दोंगाला ह्यांच्याबरोबर भारतीय वंशाचा एम. जी. वासनजी हाही आला. अद्‌भुताचा व विडंबनाचा वापर वाढल्याचे त्यातून दिसते. तथापि त्यातील संस्मरणीय कथा अगदी साधी आहे. जाबुलो न्देबेले (जन्म १९४८) ह्याच्या ‘द प्रॉफेटेस’ ह्या कथेत एक मुलगा आजारी आईसाठी संतिणीकडून मंतरलेले पाणी आणतो. वाटेत बाटली फुटते. तो दुसरी बाटली साध्या पाण्याने भरून आईला देतो आणि ते पिऊन तिला बरे वाटते. दक्षिण आफ्रिकेतील कथा अत्याचाराच्या दिखाऊ दर्शनात अडकली असून तिने सामान्य जीवनाकडे वळावे, असे न्देबेलेने १९८० नंतरच्या दशकात निबंधांतून आग्रहाने मांडले होते. ही कथा म्हणजे त्या मताचे प्रात्यक्षिकच आहे.

२००० पासून आफ्रिकी लघुकथेला केन पारितोषिक दिले जाऊ लागले. पहिले पारितोषिक सूदानी लेखिका लैला अबूलैला हिला मिळाले. २००२ चा विजेता बिन्यावांगा वाइनाइना ह्याने नैरोबीत क्वानी? हे नियतकालिक उभे करण्यास पुढाकार घेतला. ह्या पारितोषिकासाठी कथा इंग्रजीत लिहिलेली किंवा इंग्रजीत अनुवादित असावी लागते, म्हणजे १९६२ चा प्रश्न तेथेही कायम राहिला. त्याला एक वेगळे उत्तर २०१६ मध्ये मिळाले. हातापायांच्या भांडणातून माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला, ही न्गुगीची गिकुयू भाषेतील दृष्टांतकथा जलाडा ह्या लेखकगटाने आपल्या भाषांतर अंकात प्रसिद्ध केली. तिचे भाषांतर तीसहून अधिक भाषांत झाले, आणि त्यांतील बहुसंख्य भाषा आफ्रिकेच्या स्वतःच्या होत्या.

(→ आफ्रिकी साहित्य, लघुकथा).